नव्या गाडीखालचा डाग

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत करणाऱ्या त्या दोघा बंधूंच्या पेढीवर तीन पिढ्यांत कितीतरी मालमोटारी आल्या नि गेल्या. परंतु कोरी करकरीत गाडी दारात उभी राहण्याचा योग प्रथमच आला होता. बँकेचे कर्ज, साठ हप्ते, पहिल्या चौदा हप्त्यांत एकही चूक नाही. अशा गाडीच्या मागच्या आसाखाली, सकाळच्या वेळी, रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग दिसू लागला तेव्हा थोरल्या बंधूंनी, म्हणजे पेढीवरच्या सर्वांच्या अण्णांनी, प्रथम त्याकडे दुर्लक्षच केले. जुन्या गाड्या तेल गाळतात. नवी गाळत नाही, ही त्यांची साधी समजूत.

चालकाची समजूत निराळी होती. पस्तीस वर्षे चाक हाती असलेला हा गृहस्थ. पेढीवर त्याला मामा म्हणत. त्याने डागावर बोट टेकवले, नाकाशी नेले आणि सांगितले, “शेठ, हे इंजिनचं तेल नव्हे. क्राऊनचं आहे.” गंधकाचा तो उग्र वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. डिफरन्शियलमधील क्राऊन आणि पिनियन यांचे दात एकमेकांवर प्रचंड दाबाने घासत फिरतात. साधे तेल तेथे टिकणार नाही, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये मिसळलेली असतात. वास त्यांचाच.

मामाने आणखी एक गोष्ट केली, आणि ती केली नसती तर पुढचे सारे व्यर्थ होते. त्याने मागच्या चारही चाकांच्या आतल्या बाजू बॅटरीच्या उजेडात पाहिल्या. त्या कोरड्या होत्या. गळती चाकाकडच्या सीलची असती तर तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरले असते, लायनर भिजले असते, आणि भरलेली गाडी वाशीच्या बाजारासाठी खंडाळ्याचा घाट उतरत असताना ब्रेकने साथ सोडली असती. तसे असते तर त्या क्षणीच गाडी उभी करावी लागली असती. येथे ओल होती ती पुढच्या तोंडाशी, जेथे इंजिनकडून आलेला जॉइंट पिनियनला मिळतो. धोका कमी, पण धोका होताच. कारण तेल घटत गेले की क्राऊन कोरडा पडतो, आणि काहीशे रुपयांच्या रबरी कड्यापायी संपूर्ण जोडी बदलण्याची वेळ येते.

अण्णांचा संशय मात्र गाडीवर नव्हता, मामावर होता. जास्तीचा माल भरला असेल, खड्ड्यांत गाडी आपटली असेल. खर्च पगारातून कापावा असे ते दोनदा बोलून गेले. मामा काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो पेढीवर चहाला थांबेनासा झाला, एवढेच धाकट्या बंधूंच्या लक्षात आले.

गाडी वॉरंटीत होती. गावातल्या मिस्त्रीने दोन तासांत सील बदलून दिले असते, आणि हंगामाच्या दिवसांत तो मोह मोठा होता. परंतु बाहेर हात लागला की वॉरंटीच्या दाव्यात पहिले बोट तेथेच ठेवले जाते. म्हणून गाडी अधिकृत कार्यशाळेत गेली. पहिल्या खेपेस तेथे आस धुऊन, तेल भरून ती परत पाठवण्यात आली. “थोडा ओलसरपणा चालतो,” असे सांगण्यात आले. हे विधान सर्वस्वी खोटे नाही. सीलच्या ओठावर तेलाचा पातळ पदर असावाच लागतो, अन्यथा तो ओठ जळेल. पण पदर निराळा आणि जमिनीवर पडणारा थेंब निराळा, हा भेद ग्राहकालाच करावा लागतो. दुसऱ्या खेपेस सील बदलले. महिन्याच्या आत डाग पुन्हा हजर.

मग धाकट्या बंधूंनी मामाला सोबत नेले आणि जॉबकार्डावर तक्रार मामाच्याच शब्दांत लिहवून घेतली: “घाट चढून आल्यावर जास्त गळते, सपाटीला कमी.” कारण याच वाक्यात होते. मुंबईहून परतताना खंडाळा आणि पुढे खंबाटकी चढताना डिफरन्शियल तापते, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडण्यासाठी हाऊसिंगच्या माथ्यावर ब्रीदर नावाची इवलीशी झडप असते. ती बंद असेल तर दाब सर्वांत दुबळ्या जागी वाट काढतो, आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. अशा गाडीत सील कितीही वेळा बदलले तरी ते गळणारच. मामाने ब्रीदर दाखवला: शेतरस्त्यांवरची काळी माती तेलात कालवून त्यावर घट्ट बसलेली होती.

त्यात भर म्हणजे कार्यशाळेने तेल भरले ते उतरत्या फरशीवर गाडी उभी करून. सपाट जागी पातळीचा बोल्ट उघडताच जास्तीचे तेल धारेने बाहेर आले. ते छिद्राच्या खालच्या कडेपर्यंतच हवे. या वेळी ब्रीदर साफ झाला, पिनियन हलवून बेअरिंगमधील सैलपणा तपासला गेला, सील ज्या पृष्ठावर बसते त्यावर चर पडली नाही ना हे नखाने पाहिले गेले, नवे सील बसले आणि पिनियनची नट ठरलेल्या मापानेच आवळली गेली. नंतर आस धुऊन, कोरडा करून, त्यावर खडूची भुकटी भुरभुरली व गाडी मिरजेपर्यंत फिरवून आणली. भुकटी पांढरीच राहिली.

बिलावरून वाद झालाच. ब्रीदर साफ ठेवणे ग्राहकाचे काम, असे कार्यशाळेचे म्हणणे. दोन खेपा तुमच्याच माणसांनी तो पाहिला नाही, असे धाकट्यांचे. तिन्ही जॉबकार्डे किर्दीच्या फायलीत तारखेवार लावलेली होती, त्यामुळे आवाज चढवावा लागला नाही. सील आणि मजुरी वॉरंटीत गेली, तेलाचे पैसे पेढीने भरले. गाडी उभी राहिली त्या पाच दिवसांचे भाडे कोणीच दिले नाही. स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो, भाड्याच्या गाडीवर ३० टक्के, पण उभ्या गाडीच्या दिवसांसाठी कोणत्याही खतावणीत रकाना नसतो.

महिन्याच्या हिशेबाला अण्णांनी मामाचा पगार पुरा मोजला. वर काही बोलले नाहीत. बोलण्याची त्यांना सवय नव्हती. फक्त मुलाला हाक मारून दोन चहा आत मागवले, आणि त्यांतला एक कप गल्ल्यावरून पलीकडे सरकवला.