लपाछपीतला चोर

लपाछपीत राज्य आलं की किती दमछाक होते, हो ना? अशीच एक लपाछपी आपल्या शरीरातही चालते.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. एखादी पेशी बिघडते, थांबायचं विसरते आणि वाढतच जाते. हाच कर्करोग, म्हणजे कॅन्सर. अशा पेशींना हुडकून मारायला रक्तातले शिपाई रात्रंदिवस गस्त घालतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. त्यांनी आपल्याच चांगल्या पेशींना झोडपू नये, म्हणून निसर्गाने त्यांना ब्रेकही दिलेत. लबाड कर्करोग कधी कधी नेमका तोच ब्रेक दाबतो. शिपाई समोर उभा, तरी चोर मोकळा!

हा ब्रेक सोडवायची वाट अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांनी दाखवली. त्यांना २०१८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यातून नवी औषधं निघाली. पण ती सगळ्यांनाच लागू पडत नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतात अंदाजे १४ लाख लोकांना नव्याने कर्करोग झाला आणि ९ लाखांवर माणसं दगावली.

इतकी माणसं का जातात? एक कारण मी माझ्या घरातच पाहिलं. आम्ही सोलापूरचे. माझी आजी रोज मिश्री लावायची. एकदा तिच्या गालात आतून जखम झाली. मी विचारलं, तर म्हणाली, "काय नाही रे, तोंड आलंय. होतंय की बरं!" पदराआड तोंड लपवून ती महिनोन्‌महिने गप्प राहिली. मीही कुणाला बोललो नाही. दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. आतला चोर शिपायांपासून लपला होता आणि बाहेर आम्हीच त्याला लपवलं!

आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले. त्यांनी रुग्णांची नोंद तर केलीच. पण बायाबापड्यांशी बोलून कर्करोगाची लक्षणंही समजावली. परिणाम काय झाला? गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात उपचाराला येऊ लागले. ही गोष्ट १९९५ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात छापून आली. मोठं यंत्र नाही की महागडं औषध नाही, नुसतं मोकळं बोलणं!

म्हणून सांगतो, घरात कुणाच्या तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही किंवा कुठे गाठ लागली, तर गप्प बसू नका. प्रत्येक जखम कर्करोगाची नसते, घाबरू नका. पण डॉक्टरांना दाखवा. आणि आजीची मिश्री, काकांचा गुटखा सुटेपर्यंत त्यांच्या मागे लागा. रागावतील, रागावू देत.

मी गप्प राहिलो. आता राज्य तुमच्यावर आहे!