पहाऱ्याची ड्यूटी

मला टाइप-१ मधुमेह आहे. आठवीत असताना सारखी तहान लागू लागली, वजन घटले, रात्री चार-चार वेळा उठावे लागे. एमआय रूममध्ये रक्त तपासले आणि तिथूनच मला थेट इस्पितळात नेले. तेव्हापासून आजवर एकही दिवस इन्सुलिनशिवाय गेलेला नाही.

"गोड फार खायचास का?" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. त्याचे उत्तर इथेच देऊन ठेवतो. टाइप-१ गोड खाल्ल्याने होत नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आपल्या भाषेत सांगायचे तर आपल्याच तुकडीने आपल्याच चौकीवर गोळीबार केला. म्हणून मी दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचून घेतो.

सुट्टीत घरी गेलो की पाहुणे म्हणतात, "शूर आहे पोरगा, आजाराशी लढतोय." त्यांचे प्रेम कळते, पण मला ही लढाई वाटत नाही. लढाई कधीतरी संपते, कोणीतरी जिंकते. हा पहारा आहे. पहारेकऱ्याला रोज शौर्य दाखवायचे नसते, त्याला फक्त जागे राहायचे असते. काहीच घडले नाही, म्हणजे ड्यूटी चोख झाली.

माझा पहारा पीटीच्या फॉल-इनआधी सुरू होतो. बोटाला टोचायचे आणि आकडा पाहायचा. तो ७० च्या खाली असेल तर धावायचे नाही. तीन चमचे साखर, म्हणजे १५ ग्रॅम, पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे. मेसमध्ये मी चपात्या मोजून घेतो, कारण इन्सुलिनचा डोस त्यावर ठरतो. आई पूर्वी फोनवर आधी "जेवलास का?" असे विचारायची. आता ती आधी "आकडा किती?" विचारते आणि मग "जेवलास का?"

या कामात एकट्याने भागत नाही. जास्त व्यायाम झाला की साखर लगेचच नव्हे, तर कित्येक तासांनी, झोपेतही उतरू शकते. गेल्या हिवाळ्यात क्रॉस कंट्रीच्या रात्री तेच झाले. शेजारच्या पलंगावरचा माझा बडी माझ्या बडबडण्याने जागा झाला. मी घामाने भिजलो होतो. त्याने माझ्या लॉकरमधला ग्लुकोज काढून पाण्यात कालवला, मला बसवून पाजला आणि एकाला एमआय रूमकडे पिटाळले. सकाळी पीटीला तो जांभया देत होता. मला एवढेच म्हणाला, "यार, अगली बार दिन में बेहोश होना." डॉर्मिटरीत सगळ्यांना माझा आजार माहीत होता, म्हणूनच त्या रात्री काय करायचे ते त्याला ठाऊक होते.

इन्सुलिन पहिल्यांदा ज्या रुग्णाला दिले गेले, तो माझ्याच वयाच्या आसपासचा होता. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी अधिक शुद्ध अर्क दिला, तेव्हा त्याची साखर उतरली. त्याआधी असा आजार झालेली मुले फार काळ जगत नसत. हा शोध लावणाऱ्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग हे पहिल्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर होते. १९१८ मध्ये कांब्रेच्या लढाईत ते स्वतः जखमी असूनही इतर जखमींवर उपचार करत राहिले. त्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १४ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो.

आता अवघड गोष्ट. मी या शाळेत एनडीएसाठी आलो. मधुमेह असलेल्याला तिथे प्रवेश मिळत नाही. हे बाबांनीच मला सांगितले. ते स्वतः फौजेत आहेत, त्यामुळे त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. ते म्हणाले, "वर्दी नाही मिळणार. पण तू शिकलेलं तुझ्याकडून कोणी काढून घेणार नाही." त्या दिवशी मला ते पटले नव्हते. अजूनही पासिंग आउट परेडचे चित्रण पाहताना घसा दाटून येतो. पण वेळेवर उठणे, मोजून-मापून वागणे, कंटाळा आला तरी काम न चुकवणे, हे सगळे मी इथेच शिकलो. माझा आजार माझ्याकडून रोज नेमके तेच मागतो.

माझा बडी गणितात कच्चा आहे. प्रेपनंतर मी त्याला त्रिकोणमिती शिकवतो. तो खडकवासल्याला जाईल, अशी माझी खात्री आहे. मी काय होणार ते अजून ठरलेले नाही.

दमा असो, फिट्स असोत की मधुमेह, ज्या कॅडेटला असे काही असेल त्याने ते शेजारच्या पलंगाला सांगून ठेवावे. आणि मी कधी थरथरताना, घामाघूम किंवा असंबद्ध बोलताना दिसलो, तर मला साखर द्या. शुद्धीवर नसेन तर तोंडात काहीही घालू नका, एका कुशीवर वळवा आणि एमआय रूमकडे धाव घ्या. बाकीचा पहारा माझ्याकडे आहे.