जावईबापू

राजापेठेतल्या आमच्या घरी, पूर्वेकडच्या गॅलरीत, एक जावईबापू मुक्कामाला आहेत. आले तेव्हा लिंबाएवढे होते. सात वर्षांत वरूडच्या संत्र्याएवढे झाले. अंग गोल, हिरवं, काटे सोनेरी पिवळे. टाळूवर पांढुरकी लोकर, ती भर मे महिन्यातही उतरत नाही.

या निवडुंगाला इंग्रजीत ‘सासूची उशी’ म्हणतात. कुण्या जावयानंच सूड उगवलेला दिसतो. आईला हे कळलं आणि तिनं तिथल्या तिथं परतफेड केली. “बोलत नाई, हासत नाई, जवळ गेलं का टोचते. जावईबापूच म्हना याले!”

मूळ गाव मेक्सिकोत, केरेतारो-इदाल्गोच्या डोंगरकपारीत. १९९०च्या दशकात सिमापानचं धरण झालं आणि त्यांची बरीच वस्ती पाण्याखाली गेली. सिंभोऱ्याच्या धरणापायी उठलेली गावं आपल्याला ठाऊक आहेत. हे त्याच गोतातले धरणग्रस्त. रानात थोडे उरले, जगभरच्या कुंड्यांत मात्र सुखानं नांदतात.

सुखानं म्हणजे, आग्रह केला नाही तर. आणि वऱ्हाडात आग्रहाशिवाय पंगत उठत नाही. आमचे पहिले जावईबापू त्या आग्रहानंच गेले. कुंडीत शेतातली काळी माती, वर श्रावणभर तुळशीच्या बरोबरीनं रोज तांब्याभर पाणी. वरून टवटवीत दिसत होते. एक दिवस हलवून पाहिलं तर बुडाशी नुसता लगदा. काळी माती ओल धरून ठेवते म्हणून कपाशी जगते. त्याच ओलीनं यांची मुळं कुजतात.

दुसऱ्यांसाठी मग मुरूम, जाड रेती, विटांचा चुरा आणि मूठभर जुनं शेणखत. कुंडी मातीची, तळाला भोक असलेली. पाणी द्यायचं ते माती पार सुकल्यावर. थंडीत महिनाभर नाही दिलं तरी रुसत नाहीत. पावसाळ्यात मुक्काम छपराखाली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की हिरव्या जाळीची सावली. एका वर्षी जाळी बांधायला उशीर झाला. त्या उन्हाचा डाग अजून अंगावर आहे.

दिवसा ते अंगावरची बारीक छिद्रं मिटून बसतात आणि रात्री उघडून हवा घेतात. दुपारी उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. राजापेठही उन्हाळ्यात हेच करते: दुपारी दारं लावून पडते, रात्री ओट्यावर येते. एवढ्यापुरते ते इथलेच.

फूल यायला वीसेक वर्षं लागतात. आईनं त्याची चौकशी कधी केली नाही. सकाळी तुळशीला पाणी घालून, तांब्यात उरलेलं घेऊन ती त्यांच्यापाशी जाते, मातीत बोट खुपसते. ओल लागली की बोट पदराला पुसते.

“बरं, राहू द्या मंग,” म्हणते आणि तांब्या जास्वंदीत रिकामा करते.