बोटांना कळणारी नोट

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात काउंटरवर एकच वाक्य दिवसभर ऐकू यायचं : "बाई, कोऱ्या द्या ना." लक्ष्मीपूजनाला कोऱ्या, भाऊबीजेच्या ओवाळणीला कोऱ्या. रोखपालाच्या खुर्चीत माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी नाशिकरोडला. तिथं 'ते प्रेसमध्ये आहेत' एवढं म्हटलं की कुठला प्रेस हे कुणी विचारत नाही. १९२८ साली तिथं नोटांची छपाई सुरू झाली. तोवर आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत.

खोटी नोट आम्ही ओळखतो कशी, असं लग्नाकार्यात हमखास विचारतात. यंत्र, जांभळा दिवा, असलं काही उत्तर अपेक्षित असतं. खरं उत्तर आहे बोटं. पुडकं मोजताना नजर दुसरीकडे असली तरी मधली एक नोट अंगठ्याला खटकते. मग ती बाजूला काढायची आणि कारण नंतर शोधायचं.

अंगठ्याला कळतं ते काय? एक म्हणजे नोट आपल्या वहीच्या कागदासारखी लाकडाच्या लगद्याची नसते, ती कापसाची असते. तिची करकर वेगळी, दुमडल्यावर उठणारी घडीही वेगळी. दुसरं म्हणजे छपाईचा उठाव. कोरलेल्या पत्र्याच्या खाचांत शाई भरतात आणि कागद त्यावर प्रचंड दाबानं दाबतात. कागद त्या खाचांतली शाई उचलून घेतो, म्हणून गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभ हाताला लागतात. पाचशेच्या नोटेच्या दोन्ही कडांना पाच-पाच तिरक्या रेषा आहेत, शंभरच्या चार-चार. नखानं खरवडून बघा. अशी शाई कोरड्या फडक्यानं घासली तर थोडी फडक्याला लागते. २०१६ साली दोन हजारांच्या नोटेचा रंग जातो म्हणून केवढा गहजब झाला! रंग जाणं हे तिथं खरेपणाचं लक्षण होतं.

दिव्याची मात्र एक गंमत सांगते. नोटेच्या कागदात चकाकी आणणारं द्रव्य घातलेलं नसतं. त्यामुळे अतिनील दिव्याखाली खरी नोट काळपट दिसते. तिचे क्रमांक आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू तेवढे चमकतात. साधा कागद मात्र चांदण्यासारखा निळसर उजळतो. एकदा एका शिक्षकांनी भरलेली पाचशेची नोट दिव्याखाली अशीच लख्ख उजळली. शेजारच्या नव्या मुलानं 'बनावट'चा शिक्काच हातात घेतला. मास्तरांचा चेहरा पांढराफटक. मी नोट उजेडासमोर धरली. गांधीजी नीट उमटले, गालाची सावलीसुद्धा हलक्या-गडद छटांत उतरलेली. जलचिन्ह कागद ओला असतानाच त्याची जाडी कमीजास्त करून घडवतात. वरून छापलेल्या खोट्या चिन्हात ती छटा येत नाही. नोट तिरकी केली, तिच्यात विणलेली सुरक्षेची तार हिरवी होती ती निळी झाली. मग मास्तरांना विचारलं, "सर, शर्ट धुतला होता का?" शर्ट धुतला होता, खिशातली नोटही. धुण्याच्या पावडरीत कपडे शुभ्र दिसावेत म्हणून हेच चकाकीचं द्रव्य असतं, आजची नीळच म्हणा. एका दिव्यावर विसंबून राहिलो असतो तर भल्या माणसाला चोर ठरवलं असतं.

या तारेचा इतिहास जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांकडून आपल्या नोटांच्या हुबेहूब नकला होण्याची धास्ती होती. त्या वेळी नोटेवरच्या राजा सहाव्या जॉर्जचा एका बाजूनं दिसणारा चेहरा बदलून समोरून केला, आणि भारतीय नोटेत पहिल्यांदा तार आली.

लोक मात्र तपासतात भलतंच. दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, हे मला एका डॉक्टरांनी गंभीरपणे सांगितलं होतं. तार गव्हर्नरांच्या सहीऐवजी गांधीजींच्या जवळ असेल तर नोट खोटी, ही दुसरी अफवा. क्रमांकात तारा असेल तर खोटी, ही तिसरी. तो तारा एवढंच सांगतो की छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी ही दुसरी घातली आहे. असल्या निरोपांपायी कितीजणांनी खऱ्या नोटा नाकारल्या असतील!

आणि खोटी निघाली तर? "परत द्या, ज्यानं दिली त्याच्या तोंडावर मारतो," असं म्हणणारे पुष्कळ भेटले. ती परत देता येत नाही. शिक्का मारून बँक ती ठेवून घेते, पावती देते, पैसे मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत निघाल्या तर पोलिसांकडे महिन्याचा एकत्र अहवाल जातो. पाच झाल्या की थेट गुन्हा.

बोटांचं खरं शास्त्र मला शिकवलं ते स्टँडजवळ टेलिफोन बूथ चालवणाऱ्या एका अंध काकांनी. ते नोट बोटांभोवती गुंडाळून किती उरते ते बघत. जुन्या मालिकेत पन्नासची नोट १४७ मिलिमीटर लांब होती, शंभरची १५७, पाचशेची १६७. दर पायरीला एक सेंटिमीटर. नव्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०, रुंदी तिन्हींची सारखीच. "ताई," ते म्हणाले, "चार मिलिमीटर म्हणजे माझ्या नखाची वाढ झाली." शंभरवर त्रिकोण आणि पाचशेवर वर्तुळ उठावात आहे खरं, पण हजार हातांतून फिरलेल्या मऊ नोटेवर ते पार झिजतं. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड हा प्रश्न घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नोट ओळखून सांगणारं 'मणी' नावाचं मोबाइल ॲप आणलं. चांगली सोय आहे. पण जी ओळख बोटांत होती ती फोनच्या कॅमेऱ्याकडे गेली, हे मला पटलेलं नाही. रंग आणि चित्रं सुरेख जमली आहेत, वीसच्या नोटेवर आपलं वेरूळ आहे. आकारात मात्र हात आखडला.

एक कबुली देऊन टाकते. जलचिन्हाच्या मोकळ्या जागेवर पुडक्याचा आकडा पेनानं लिहिण्याचं पाप मीही केलं आहे. पिनाही मारल्या. ती जागा रिकामी दिसते, म्हणून सगळ्यांचा हात तिथंच जातो. तेव्हा यंदा लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहायचं ते नाण्याला वाहा. नोटेला लावलंत तर तेही नेमकं त्याच जागी पडेल, आणि भाऊबीजेनंतर ती नोट आमच्याच काउंटरवर येईल.