आंबट सफरचंदांची टिपणं

ऑक्टोबर लागला की इंग्लंडच्या या मधल्या भागात घरांच्या फाटकाबाहेर खोकी दिसू लागतात. आत हिरवी, कुठंकुठं लालसर झाक असलेली, मुठीत न मावणारी सफरचंदं, आणि पुठ्ठ्यावर पेनानं लिहिलेलं, ‘हवी तेवढी न्या.’ ही ब्रॅम्ली, म्हणजे शिजवायची सफरचंदं. जुन्या घरांच्या परसात हे झाड बऱ्याचदा असतं, आणि भरात आलं की एका कुटुंबाला आवरत नाही.

आपली माणसं अशी घरं घेतात तेव्हा झाडही पदरात पडतं. पहिल्या वर्षी हौसेनं एक चावा घेतात, दात आंबतात, आणि झाड बिनकामाचं ठरतं. मग फळं गवतात कुजत पडतात. मला याचं फार वाईट वाटतं. खायच्या सफरचंदाची अपेक्षा ठेवून चाखलं तर हे फळ नापासच होणार. आंबट फळ म्हणून स्वयंपाकघरात आणलं तर त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही इथं पिकत नाही.

*

नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीनं सफरचंदाच्या बिया लावल्या. त्यातलं एक रोप वाढलं. पुढं १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं घेतलं. १८५६ साली हेन्री मेरिवेदर हा रोपवाटिकेचा सतरा वर्षांचा मुलगा कलमासाठी काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लीनं अट घातली की फळाला नाव माझं द्यायचं. जिनं बी लावलं तिचं नाव मागं राहिलं. फाटकाबाहेरच्या खोक्यांवर कुणीतरी ‘मेरी ॲनची सफरचंदं’ लिहावं असं मला मनापासून वाटतं.

१९००च्या वादळात ते मूळ झाड कोसळलं, पण आडव्या पडलेल्या खोडातून पुन्हा फुटलं. ब्रॅम्ली बियांपासून जशीच्या तशी येत नाही, कलमच करावं लागतं. म्हणजे परसातलं प्रत्येक ब्रॅम्ली हे साउथवेलच्या त्या एकाच झाडाचं अंग आहे.

*

आधी वर्गवारी, मग पाककृती. पडलेली फळं साठवणीला घ्यायची नाहीत, दिसायला कितीही चांगली असोत. आतून मार लागलेला असतो. ती त्याच आठवड्यात शिजवायची. किडीचा, काळा पडलेला भाग सढळ हातानं काढून टाकायचा.

झाडावरचं फळ तळव्यात धरून हलकेच वर उचलायचं आणि पिळायचं. देठासकट सुटलं तर तयार आहे. ओढावं लागलं तर राहू द्यायचं.

न डागाळलेली फळं एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि थंड, अंधाऱ्या, हवा खेळणाऱ्या जागी एकमेकांना न टेकवता मांडायची. आंब्याची अढी घालणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, फक्त इथं पिकवायचं नसून थोपवायचं असतं. दर आठवड्याला चाळवायची, एक जरी नासलं असेल तर लगेच काढायचं. अशी फळं मार्चपर्यंत पुरतात.

*

मावशीला फोनवर विचारलं, एवढ्यांचं करू काय? ती म्हणाली, “अगं, कैरीसारखी आंबट आहेत ना? मग कैरीच समज.” तिनं हे फळ कधी पाहिलेलं नाही, पण सल्ला सोळा आणे खरा. फरक एकच, आणि तो सांभाळला पाहिजे. कैरीची फोड शिजूनही फोड राहते. ब्रॅम्ली चार-पाच मिनिटांत विरघळते, फुलून लगदा होतो.

या विरघळण्याला लगाम साखर घालते. फळ नुसत्या पाण्यात शिजवलं तर लगदा, पाकात शिजवलं तर फोडी बऱ्याच अंशी धरून राहतात. म्हणून मेथांब्याचा क्रम बदलायचा. तेलात मोहरी, मेथीदाणे तांबूस होईपर्यंत, हिंग, हळद. मग कैरीच्या मेथांब्यात फोडी पडतात, इथं आधी गूळ आणि अगदी थोडं पाणी. गुळाला उकळी आली की जाडसर फोडी, तिखट, मीठ. दोन वाट्या फोडींना सव्वा वाटी गूळ पुरतो. डाव न फिरवता पातेलंच हलवायचं, आणि फोड पारदर्शक दिसू लागली की उतरवायचं. बाटली फ्रीजमध्ये.

आमटीत मात्र हेच विरघळणं वरदान. तुरीच्या वरणात दोन-चार फोडी टाकल्या की आमसूल, चिंच काही लागत नाही, आणि आमटी आपोआप मिळून येते.

पन्हंही होतं. सालीसकट उकडायचं, गर चाळणीवर घासून घ्यायचा, गूळ, वेलदोडा, चिमूट मीठ. कैरीचा वास त्याला नाही, हे मान्य करून प्यायलं तर फार छान लागतं.

आंबेडाळीसाठी कच्चंच किसायचं, पण अगदी शेवटी आणि थेट वाटलेल्या हरभऱ्याच्या डाळीवर, नाहीतर कीस लालसर होतो. वरून लगेच फोडणी.

वर्षाचं लोणचं घालू नये, असं माझं मत. फोड फार मऊ पडते.

*

पितळेचं बिनकल्हईचं पातेलं अजिबात नको, कळकेल. ॲल्युमिनियमही नको. स्टीलचं जाड बुडाचं घ्यावं.

*

साली आणि गाभे टाकून देण्याआधी थांबा. जेली घट्ट करणारं पेक्टिन तिथंच जास्त असतं. पडीची फळं चिरून, साली-गाभ्यांसकट, बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवायची आणि मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगून ठेवायची. चक्का टांगतो तशीच, पण फडकं पिळायचं नाही, जेली गढूळ होते. सकाळी जमलेला रस मोजायचा. ६०० मिलिलिटरला ४५० ग्रॅम साखर. जोरात उकळून, थंड बशीवर थेंब टाकून बघायचा. बोटानं ढकलल्यावर सुरकुती पडली की झाली.

कुंपणावरच्या ब्लॅकबेरी याच सुमारास संपत येतात. त्यांच्यात पेक्टिन कमी, ब्रॅम्लीत भरपूर. दोन्ही एकत्र शिजवण्याची इथली जुनी रीत उगाच पडलेली नाही.

*

वेळच नसेल तर गर शिजवून डब्यांतून फ्रीझरमध्ये. साखर न घालता. मग आमटी, क्रम्बल, केक, कशालाही चालतो.

आणि पोळी! आंबापोळीसारखीच, फक्त ऊन नाही म्हणून ओव्हनमध्ये. गरात थोडी साखर घालून आटवायचा, कागदावर पातळ पसरायचा, ६० ते ७० अंशांवर, दार किंचित किलकिलं ठेवून, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. शाळेच्या डब्यात हिला तोड नाही.

*

ब्रॅम्लीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळं तिचे परागकण जवळजवळ निकामी. फळ धरायला आसपास दुसऱ्या जातींची झाडं लागतात. तेव्हा आपल्या झाडाचा भार थोडाबहुत शेजाऱ्यांच्या झाडांनीच दिलेला असतो. खोकं भरून त्यांच्या दारात ठेवताना संकोच नको, आणि सोबत मेथांब्याची बाटली जरूर द्यावी. चीजबरोबर तो ते आवडीनं खातात.

*

फेब्रुवारी-मार्चमधलं फळ ऑक्टोबरसारखं उरत नाही. साल पिवळट आणि हाताला तेलकट लागते. तो तिचा स्वतःचा मेणचटपणा, खराबी नव्हे. आंबटपणा उतरलेला असतो, म्हणून मेथांब्यात गूळ वाटीभरच घालावा आणि तिखट थोडं वाढवावं.