कळण्याचं पीठ आणि लाल वाइन

पाचोऱ्याला घरी गेलो की पहिल्या रात्री माय कळण्याची भाकरी करते. चार वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे काळे उडीद, दोन्ही एकत्र दळलेली. नुसत्या ज्वारीची भाकरी थापताना कडेला चिरते. उडदाच्या चिकटपणानं ती सांधली जाते आणि चवीला खमंगपणा येतो. पण उडीद वाढले की भाकरी चिवट होते. लहानपणी दळणाचा डबा चक्कीवर मी न्यायचो. डबा भरण्याआधी माय दोन्ही धान्यं सुपात वेगवेगळी पाखडायची, निवडायची. किडकी ज्वारी तिनं कधी कळण्यात ढकलली नाही.

नाशिकच्या परिसरात मी लाल वाइन करतो. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचं मिश्रण जुळवणं हा माझ्या कामाचा सगळ्यात आवडता भाग. शिराझ गडद रंग देते, मिऱ्याचा वास आणि तोंडात भरणारा मऊपणा देते. पण घोट गिळला की चव लवकर विरते. कॅबर्नेत टॅनिनचा तुरटपणा असतो, तो चवीला कणा देतो. एकटी तरुण कॅबर्ने मात्र रुक्ष लागते.

मिश्रणाची ही रीत हवामानातून आली. फ्रान्समधल्या बोर्दोत मर्लो आधी पिकते, कॅबर्ने मागून. वसंतातलं हिमदव किंवा काढणीच्या वेळचा पाऊस एका वाणाला लागला, तर दुसरं हाताशी राहतं. आमच्याकडे कपाशीत तुरीची ओळ असते, त्यामागचा विचार हाच.

नाशिकची अडचण वेगळी. युरोपात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. इथं ती झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा करावी लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच घ्यायचं. सुमारे सहाशे मीटर उंचीच्या या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात, त्या मण्यातलं आम्ल राखतात. फेब्रुवारी सरतो तसं ऊन चढतं, साखर भराभर वाढते आणि आम्ल उतरतं. सालीचा आणि बियांचा तुरटपणा पक्व व्हायला मात्र त्याहून जास्त दिवस लागतात. लवकर तोडलेल्या द्राक्षात ताजेपणा, उशिरा तोडलेल्यात पक्वपणा. दोन्ही एकाच तोडणीत क्वचितच मिळतात. म्हणून मी प्रत्येक बागेचा, प्रत्येक तोडणीचा रस वेगळ्या टाकीत आंबवतो. काही वाइन २२५ लिटरच्या ओक पिंपांत मुरते, काही स्टीलच्या टाकीतच राहते.

मग मिश्रणाचे दिवस येतात. सकाळी, जिभेवर जेवणाची चव नसताना, मी मोजपात्रं मांडतो. शंभर मिलिलिटरमध्ये सत्तर शिराझ, तीस कॅबर्ने. मग पंच्याहत्तर-पंचवीस. मग त्यातच उशिरा तोडलेल्या शिराझचे पाच. पाच मिलिलिटरनं घोटाचा शेवट बदलतो. चाखायचं, थुंकायचं, लिहायचं. दुसऱ्या दिवशी तेच पेले, नावं झाकून.

सुरुवातीच्या एका वर्षी मी मोठी चूक केली. एका टाकीला व्हिनेगरसारखा उग्र वास येऊ लागला होता. ती टाकून देण्याचा धीर मला झाला नाही. चांगल्या शिराझमध्ये तिचा दहावा हिस्सा घातला, तेव्हा पेल्यात वास जाणवला नाही. तीन महिन्यांनी टाकीचं झाकण उघडलं आणि तोच वास समोर आला. ॲसिटिक जिवाणूही मीच चांगल्या वाइनमध्ये सोडले होते. एक टाकी वाचवायला निघालो आणि दोन गमावल्या. त्या दिवशी मला मायचं सूप आठवलं.

महाराष्ट्रात वाइनचा उद्योग तरुण आहे. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला वाइन बनवायला सुरुवात केली. २००१मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. आज ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. बोर्दोच्या पाठीशी शतकांचा अनुभव आहे. आम्ही अजून आपलं माप शोधतो आहोत. कुठल्या उतारावरची शिराझ, कुठल्या आठवड्यातली कॅबर्ने, हे दरवर्षी नव्यानं ठरवावं लागतं. मागच्या वर्षीचं प्रमाण यंदा चालतंच असं नाही. मायही नव्या दादर ज्वारीचे चार दाणे दाताखाली चावून मगच उडदाचं माप ठरवते.

तिनं वाइन कधी चाखली नाही. पण गेल्या वेळी भाकरी थापताना तिनं विचारलं, “औंदा किती किती मिसळलं?” मी आकडे सांगितले. तवा तापेपर्यंत ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मिसळायच्या आधी दोन्ही चांगल्या होत्या ना?”

आता मोजपात्राला हात लावण्याआधी मी प्रत्येक टाकीचा पेला वेगळा भरतो आणि एवढंच तपासतो.