टाकलेल्या सोंगट्यांची ओळ

तोक्योच्या जुन्या ट्रामजाळ्यातला एकच मार्ग आज उरलाय. त्या ट्रामने झोशिगायाला उतरलो. जागतिक रिइची माहजाँग अजिंक्यपद स्पर्धेसाठी २०२५च्या जुलैत मी इथे आलो होतो, पण आधी नात्सुमे सोसेकींची समाधी पाहायची होती. आरामखुर्चीच्या घडणीची ती भलीमोठी शिळा आहे. १९०९मध्ये सोसेकी मांचुरियात गेले, तिथे चिनी मंडळींचा हा खेळ त्यांनी पाहिला आणि आपल्या प्रवासलेखनात नोंदवला. जपानी लेखणीतून उतरलेल्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत ती धरली जाते.

पुढे तोक्योच्या लेखक-संपादकांना माहजाँगचं वेडच लागलं. १९२९मध्ये जपान माहजाँग संघ निघाला, त्याचे पहिले अध्यक्ष झाले 'बुंगेइ शुंजू' मासिकाचे संस्थापक किकुचि कान. अकुतागावा आणि नाओकी पुरस्कार सुरू करणाऱ्या माणसाने एका बैठ्या खेळाची धुरा उचलावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रमी येणाऱ्याला हा खेळ चटकन कळतो. हातात १३ सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. जुन्या चिनी पद्धतीत टाकलेल्या सोंगट्यांचा मधोमध ढीग होई. जपान्यांनी प्रत्येकाला त्या आपल्यासमोर, सहा-सहाच्या ओळीत, क्रमाने मांडायला लावल्या. त्यावर आणखी एक नियम: ज्या सोंगटीने तुमचा डाव पुरा होईल, ती तुम्ही आधीच टाकलेली असेल, तर दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर जिंकता येत नाही. त्यामुळे समोरची ओळ वाचता येते. मला तरी जपानने या खेळाला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच वाटते.

मी जिच्यासाठी आलो होतो ती अजिंक्यपद स्पर्धा २०१४मध्ये पॅरिसजवळच्या प्युतोला सुरू झाली, मग लास व्हेगास. २०२०ची व्हिएन्नाची खेप कोरोनामुळे २०२२वर गेली. तोक्योची पाळी त्यानंतर आली.

सभागृहात देशोदेशीचे खेळाडू होते, पण पटावर पोन, ची, रोन हेच जपानी पुकारे. मी एका युरोपीय तरुणीच्या मागे उभा होतो. समोरच्या जपानी खेळाडूने "रिइची" म्हणत, म्हणजे आपला डाव एकाच सोंगटीसाठी अडल्याचं जाहीर करत, सोंगटी आडवी ठेवली आणि हजार गुणांची काडी पटावर मांडली. आता त्याला हात बदलता येणार नव्हता. तिला डाव पुरा करायला एकच सोंगटी हवी होती. मात्र तिथवर पोचायला वर्तुळांची सत्ती टाकावी लागणार होती. तिने त्याची ओळ पुन्हा पुन्हा पाहिली. मग सत्ती तशीच ठेवून, त्याने आधी टाकलेल्याच सोंगट्या आपल्या हातातून एकेक काढू लागली. जमत आलेला डाव तिने स्वतः मोडला.

सोंगट्या संपल्या, कोणीच जिंकलं नाही. त्याने हात उघडला. तो वर्तुळांच्या चौकीची किंवा सत्तीची वाट पाहत होता. डाव एका सोंगटीवर आलेला तो एकटाच होता, म्हणून तिने इतर दोघांसारखेच त्याला हजार गुण मोजून दिले आणि पुढच्या डावासाठी सोंगट्या पटाच्या पोटात ढकलल्या.